टनांची शर्यत आणि खाडीकाठची माणसे

१९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या ‘सात मीटर’ वर्गात एकच नौका उतरली. तिचे नाव ‘हिरोईन’. आयल ऑफ वाइट बेटाच्या राइड बंदरापाशी नेमून दिलेला मार्ग तिने पूर्ण केला आणि तिच्यावरच्या चौघांना सुवर्णपदक मिळाले. हरवायला कुणी नव्हतेच. त्या चौघांत एक जोडपे होते, चार्ल्स आणि फ्रान्सेस रिव्हेट-कार्नाक. ठाणे-कल्याणहून लोकलने मुंबई गाठणाऱ्यांना हे आडनाव नवे नाही. मशीद बंदराजवळचा कार्नाक पूल पाडण्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्य रेल्वेने २७ तासांचा मेगाब्लॉक घेतला होता. २०२५ मध्ये तिथे उभा राहिलेला नवा पूल ‘सिंदूर’ या नावाने सुरू झाला. जुन्या पुलाला ज्याचे नाव होते तो सर जेम्स रिव्हेट-कार्नाक १८३९ ते १८४१ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढले गेले, ते त्याच्याच कारकिर्दीत.

एका नौकेची शर्यत आज वाचताना विचित्र वाटते. पण १९०० ते १९२० या वीस वर्षांत ऑलिंपिकमध्ये मोठ्या शिडाच्या नौकांच्या ज्या शर्यती झाल्या, त्यांत स्पर्धकांची वानवा नेहमीचीच होती. या शर्यतींविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक नौकांच्या देखणेपणाविषयी असते, आणि त्या देखण्या होत्याच. मला मात्र या सगळ्या प्रकरणाकडे दुसऱ्या बाजूने पाहावेसे वाटते. नौका कुणाची होती, शिडाचा दोर कुणाच्या हातात होता आणि पदक कुणाच्या नावावर लागले? ठाणे, कल्याण, भिवंडी, डोंबिवली या पट्ट्यातल्या माणसाने हे विचारायला हवे, कारण शिडाच्या विद्येचा आणि या पाण्याचा संबंध कोणत्याही ऑलिंपिकहून फार जुना आहे.

शिडाची शर्यत जन्मली कामातून. बंदरात ज्याचा माल आधी उतरतो त्याला भाव मिळतो, हे जगातल्या प्रत्येक किनाऱ्यावरच्या खलाशाला ठाऊक असते. न्यूयॉर्कच्या बंदरात बाहेरून येणाऱ्या जहाजाला वाट दाखवणारे वाटाडे आपापल्या छोट्या वेगवान नौका घेऊन समुद्रात धावत. जो पहिला पोहोचेल त्याला ते काम. या नौका बांधण्यात हात बसलेल्या जॉर्ज स्टीअर्स याने ‘अमेरिका’ नावाची नौका घडवली आणि २२ ऑगस्ट १८५१ रोजी तिने आयल ऑफ वाइटला वळसा घालून इंग्रजांच्या नौकांना मागे टाकले. तिला मिळालेला चषक पुढे ‘अमेरिकाज कप’ म्हणून जगभर गाजला आणि १९८३ पर्यंत, म्हणजे तब्बल १३२ वर्षे, अमेरिकेबाहेर गेला नाही. पोटासाठी पळणाऱ्या होडीतून श्रीमंतांचा खेळ निघाला, तो असा.

आपल्या खाडीतही पोटासाठी पळणाऱ्या होड्या होत्या. वसईच्या मुखातून भरतीबरोबर आत शिरायचे, घोडबंदर मागे टाकायचे, कोलशेत आणि काल्हेर ओलांडून मुंब्र्याच्या डोंगराखालून वळायचे, मग डोंबिवलीचे मोठागाव आणि शेवटी कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचा पायथा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचे नाव येते. मार्को पोलोच्या वर्णनात ठाणे हे राज्य म्हणून येते. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्याच्या आरमाराची पहिली गलबते याच खाडीच्या काठी बांधायला घेतली गेली. रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याचा मुलगा त्या कामावर होते. पोर्तुगीजांनी त्यांना फितवून काम सोडायला लावले, तरी आरमार उभे राहिलेच. आजूबाजूच्या जंगलातला साग, कोकणातले सुतार आणि भरती-ओहोटीचा हिशोब तोंडपाठ असलेले कोळी, भंडारी, आगरी खलाशी ही सामग्री इथे घरचीच होती.

या खाडीत शीड चालवणे सोपे काम नाही. उघड्या समुद्रात वारा एका दिशेने वाहत राहतो. खाडीत तो डोंगराला अडतो, वळतो, मध्येच पडतो. पाण्याखाली गाळाचे बांध आणि भरतीपुरताच खोल राहणारा प्रवाह. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा आणि दुपारनंतर उलट येणारा खारा वारा, यांच्या वेळा भरतीच्या वेळांशी जुळवून निघावे लागते. तिरक्या परबाणाला बांधलेले त्रिकोणी शीड वाऱ्याला फार जवळून धरता येते, हे इथल्या तांडेलांना कुणी कागदावर शिकवले नव्हते. मचवा, पडाव, पत्तेमारी, शिबाड अशा एकाहून एक मोठ्या नौका त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. युरोपात वीस टनांची सहलीची नौका म्हणजे ऐश्वर्याची खूण. इथे त्याहून कितीतरी अधिक माल वाहणारी पत्तेमारी हे रोजचे वाहन होते.

आता १९०० सालाकडे येऊ. त्याआधी १८९६ मध्ये अथेन्सला नौकांच्या शर्यती ठरल्या होत्या, पण झाल्या नाहीत. पॅरिसचे १९०० चे ऑलिंपिक जागतिक प्रदर्शनाच्या जोडीने भरले आणि इतके विस्कळीत होते की आपण ऑलिंपिकमध्ये भाग घेत आहोत हे कित्येक स्पर्धकांना कळलेही नाही. लहान नौका पॅरिसजवळ सेन नदीवर मेलाँ इथे धावल्या आणि मोठ्या नौका ल हाव्रच्या समुद्रात. वर्गवारी टनांवर होती: अर्ध्या टनापर्यंत, अर्धा ते एक, एक ते दोन, असे करत दहा ते वीस टन आणि शेवटी वीस टनांच्या वर. मेलाँला एक ते दोन टनांच्या वर्गात ‘लेरिना’ या नौकेवर एलेन द पूर्तालेस ही स्विस स्त्री होती आणि २२ मे १९०० रोजी ती ऑलिंपिक जिंकणारी पहिली स्त्री ठरली. नौका तिच्या नवऱ्याची होती, पण ती स्वतः नौकेवर होती, हे महत्त्वाचे.

ल हाव्रला ऑगस्टमध्ये वीस टनांवरच्या नौका धावल्या. पहिली आली इंग्लंडची ‘सिसेली’. ऑलिंपिकच्या नोंदीत तिच्यापुढे नाव आहे सेसिल क्वेन्टिन याचे. तो तिचा मालक. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकापुढेही अशीच मालकांची नावे आहेत. एवढी मोठी नौका एका माणसाने चालत नाही. शिडे चढवायला, उतरवायला, दोर ओढायला, वजन एका बाजूवरून दुसरीकडे न्यायला डझनावारी माणसे लागतात. त्या काळच्या मोठ्या इंग्लिश नौकांवर हे काम इसेक्सच्या किनाऱ्यावरचे कोळी करत. हिवाळ्यात मासेमारी आणि उन्हाळ्यात श्रीमंतांच्या नौकांवर पगारी खलाशी, असे त्यांचे वर्ष असे. वारा ओळखणारे आणि हाताला घट्टे पडलेले ते लोक होते. ‘सिसेली’वर कोण होते, हे ऑलिंपिकच्या यादीत नाही. बैलगाडा शर्यतीत घाटावर पुकारा होतो तो गाडामालकाच्या नावाचा. गाडी जुंपणारा आणि धरणारा गर्दीत विरून जातो. ल हाव्रला तेच झाले, फक्त इथे ऑलिंपिकच्या इतिहासाने ते कायमचे तसेच लिहून ठेवले.

मला हा या साऱ्या विषयातला सर्वांत मोठा दोष वाटतो. स्पर्धक कमी होते, खर्च अफाट होता, हे दोष त्याच्यामागून येतात. ज्या खेळात कसब एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, तो खेळ कितीही देखणा असला तरी अपुरा राहतो. कोकणातल्या माणसाला हे लवकर उमजेल. रत्नागिरीपासून वर ठाणे जिल्ह्यापर्यंतच्या किती घरांतले पुरुष ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर ‘लस्कर’ म्हणजे खलाशी म्हणून गेले. बोटींची नावे इतिहासात राहिली, त्यांची नाही.

टनांची मोजणी हीसुद्धा अडचणच होती. टन हे मूळचे मालवाहू जहाजाचे माप, आपल्याकडे गलबताची ताकद खंडीत सांगत तसे. मालाच्या मापाने वेगाची बरोबरी कशी ठरणार? नौकेची रचना थोडी बदलून टन कमी दाखवायचे आणि शिडे मात्र भरपूर लावायची, असे प्रकार होऊ लागले. प्रत्येक देशाचे मोजमाप वेगळे असल्याने एका देशाची नौका दुसऱ्या देशात गेली की वाद ठरलेला. म्हणून १९०६ मध्ये लंडनला युरोपातले जाणकार जमले आणि एक आंतरराष्ट्रीय सूत्र ठरले. नौकेची पाण्यावरची लांबी, तळाचा घेर, पाण्यावर राहिलेल्या कडेची उंची, शिडांचे क्षेत्रफळ हे सारे एका समीकरणात घालायचे आणि येणारा आकडा मीटरमध्ये सांगायचा. म्हणून ‘बारा मीटर’ची नौका बारा मीटर लांब नसते, ती वीस मीटरच्या आसपास असू शकते. लांबी वाढवायची तर शिडे कमी करा, शिडे वाढवायची तर लांबी सोडा, अशी ती तडजोड होती. रचनाकाराच्या बुद्धीला वाव देणारे आणि तरी शर्यत बरोबरीची ठेवणारे हे सूत्र फार चांगले होते. आजही जगात सहा, आठ आणि बारा मीटरच्या जुन्या नौका जपून ठेवल्या जातात आणि त्यांच्या शर्यती होतात.

पण सूत्र चांगले असून पैशाचा प्रश्न सुटला नाही. १९०८ च्या बारा मीटर वर्गात दोनच नौका उतरल्या, दोन्ही ब्रिटिश. एक क्लाइड नदीकाठच्या स्कॉटिश क्लबची ‘हेरा’, दुसरी लिव्हरपूलकडची ‘मूशेत’. दोघी इंग्लंडच्या दक्षिण टोकाला येण्यापेक्षा शर्यतच उत्तरेला न्यावी असे ठरले आणि लंडन ऑलिंपिकचा हा भाग ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमध्ये क्लाइडच्या मुखाशी झाला. ‘हेरा’ जिंकली. तिचा सुकाणूधारी टॉमस ग्लेन-कोट्स हा पेस्लीच्या कोट्स घराण्यातला, ज्यांचा शिवणाचा दोरा जगभर आणि आपल्याकडेही घराघरांतल्या शिवणयंत्रांवर चढला. तो स्वतः नौकांची रचना करणारा, जाणता नाविक होता. मालक आणि नाविक एकच असण्याचे हे चांगले उदाहरण, आणि या वेळी दहाही जणांची नावे पदकाच्या यादीत आली. आठ वर्षांत एवढी सुधारणा झाली होती. तरी दोन नौका आणि एकच देश, याला आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणणे कठीण.

या नौकांवरचे काम कमी लेखू नये. जोराच्या वाऱ्यात बारा मीटरची नौका वाऱ्यावर वळवायची तर दहा माणसांनी एका क्षणी हालावे लागते. सुकाणू वळते, पुढचे शीड सैल सुटते, मुख्य शिडाचा दांडा डोक्यावरून पलीकडे जातो, नौका क्षणभर सरळ उभी राहते आणि दुसऱ्या कुशीवर कलते. एवढ्यात पलीकडचे दोर ओढून घट्ट झाले पाहिजेत. एकाचा हात उशिरा पडला तर वेग जातो आणि तो परत मिळवायला कित्येक मिनिटे लागतात. माणसांच्या अशा ताळमेळाचे खेळ जगात थोडे आहेत. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑलिंपिकसाठी न्यूनेसहामनला बारा मीटरच्या तीन नौका आल्या, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडची, आणि नॉर्वेची ‘मागदा ९’ जिंकली. तीन देशांच्या तीन नौका. त्या काळातली ही खरी शर्यत म्हणावी लागेल.

त्याच वर्षांत अमेरिकाज कपचा मामला ऑलिंपिकहून कितीतरी पुढे गेला होता. चहाचे व्यापारी टॉमस लिप्टन यांनी १८९९ ते १९३० या काळात ‘शॅमरॉक’ नावाच्या पाच नौका बांधून पाच वेळा आव्हान दिले आणि पाचही वेळा हरले. १९०३ मध्ये त्यांच्यासमोर अमेरिकेने ‘रिलायन्स’ उतरवली. लांबी सुमारे १४४ फूट, शिडांचे क्षेत्रफळ सोळा हजार चौरस फुटांहून अधिक आणि खलाशी साठाच्या वर. एक हंगाम धावून ती मोडीत निघाली. हे वाचताना मन विषण्ण होते. केवढी बुद्धी, केवढे कौशल्य, आणि आयुष्य एका उन्हाळ्याचे.

पहिल्या महायुद्धानंतरचे १९२० चे अँटवर्प ऑलिंपिक हा या प्रकरणातला सर्वांत केविलवाणा भाग. ऑस्टेंडच्या समुद्रात नौकांचे बरेच वर्ग ठेवले होते, काही जुन्या सूत्राचे, काही नव्या. दहा आणि बारा मीटरच्या जुन्या-नव्या सर्व वर्गांत नॉर्वेची प्रत्येकी एकच नौका होती. नॉर्वेने नौकानयनात सात सुवर्णपदके घेतली, त्यातली बरीचशी समोर कुणी नसताना. याच ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला संघ होता. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉन धावले, कुमार नवले आणि रणधीर शिंदे कुस्ती खेळले. हा संघ उभा राहिला तो पुण्याच्या डेक्कन जिमखान्यातून सुरू झालेल्या खटपटीतून, सर दोराबजी टाटांच्या पाठबळावर आणि वर्गणीवर. रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकले, ते चौथे आले. एका बाजूला वर्गणी काढून गेलेला मराठी मल्ल सामने खेळून पदकाविना परततो आणि दुसरीकडे फक्त हजर राहून सुवर्णपदक मिळते. एकाच स्पर्धेच्या एकाच यादीत हे दोन्ही नोंदलेले आहे. मोठ्या नौकांच्या ऑलिंपिकमधल्या अस्तित्वाविरुद्ध याहून मोठा पुरावा मला सापडत नाही.

ऑलिंपिकनेही तो ओळखला. १९२४ मध्ये स्पर्धा पुन्हा पॅरिसला आली, शर्यती पुन्हा मेलाँ आणि ल हाव्रलाच झाल्या, पण चित्र पालटले होते. दहा आणि बारा मीटर वर्ग गेले. मेलाँला एक नवा प्रकार आला: आयोजकांनी पुरवलेल्या सारख्याच लहान नौका आणि प्रत्येकीत एकटा माणूस. बेल्जियमचा लेओन हुयब्रेक्त्स त्यात जिंकला. चोवीस वर्षांपूर्वी त्याच दोन ठिकाणी मालकांच्या नावाने पदके वाटली गेली होती. आता नौका कुणाचीच नव्हती आणि नाव ज्याने सुकाणू धरले त्याचे होते. आठ मीटर वर्ग १९३६ पर्यंत आणि सहा मीटर १९५२ पर्यंत टिकले. पुढे फिन, फ्लाइंग डचमन, ४७०, लेझर अशा छोट्या नौका आल्या आणि वजनदार तळाच्या नौकांचा शेवटचा प्रकार ‘स्टार’ २०१२ नंतर गेला. नौका जसजशी लहान होत गेली तसतसे देश वाढत गेले.

मुंबईत या काळात काय होते? रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. १८७६ मध्ये त्याला ‘रॉयल’ बिरुद मिळाले. अपोलो बंदरावर त्याची देखणी वास्तू आहे. त्याच्या शर्यती मुंबईच्या बंदरात, एलिफंटा आणि करंजाच्या दिशेने होत. ब्रिटिश अमदानीत त्याचे सभासदत्व भारतीयांना नव्हते. ज्या पाण्यात कोळ्यांच्या होड्या शतकानुशतके धावत होत्या, त्या पाण्यातल्या क्रीडानौकेवर इथल्या माणसाला जागा होती ती नोकर म्हणूनच. त्यातच १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढल्या वर्षी रेल्वे कल्याणला पोहोचली. माल रुळांवर चढला. खाडीतली शिडे एकदम गेली नाहीत, रेती आणि मासळी पुढेही बरीच वर्षे होड्यांतून जात राहिली, पण बंदर म्हणून कल्याणचा जीव गेला. शिडाचे कसब खेळात उतरायला अवकाशच मिळाला नाही.

तरी मुंबईच्या सुतारांचे काम जगाच्या सर्वांत कठीण शर्यतीत पहिले आले, ही गोष्ट मराठी वाचकाला पुरेशी ठाऊक नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश जहाजाधिकारी मुंबईत असताना त्याने १९६३-६४ मध्ये इथेच सागाची ‘सुहैली’ ही ३२ फुटी नौका बांधून घेतली. वाकस आणि कमानीने फिरवायचा सामता अशा जुन्या हत्यारांनी भारतीय सुतारांनी ती घडवली. १४ जून १९६८ रोजी तो तिच्यातून इंग्लंडच्या फालमथहून एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत निघाला. नऊ जण निघाले होते. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, परत पोहोचला तो एकटाच. दक्षिण महासागराच्या लाटा सोसल्या त्या मुंबईच्या सांध्यांनी. ‘सुहैली’ बांधणाऱ्यांची नावे आज कुणाला सांगता येत नाहीत. पुढच्या पिढीत हे बदलले: कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला, तेव्हा त्यांच्या ५६ फुटी ‘म्हादेई’सोबत गोव्याच्या दिवाडी बेटावर ती बांधणारे रत्नाकर दांडेकर यांचेही नाव लोकांपर्यंत गेले. हे व्हायला हवे होते.

ऑलिंपिकच्या नौकानयनात भारत पहिल्यांदा उतरला १९७२ मध्ये, सोली काँट्रॅक्टर आणि ए. ए. बासिथ यांच्या रूपाने, फ्लाइंग डचमन या दोघांच्या नौकेत. मोठ्या नौका गेल्या तेव्हाच आपल्याला दार उघडले, हे लक्षात घ्यावे. १९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीत झाल्या, पण नौकानयन मुंबईच्या समुद्रात झाले आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. तारापोर पुढे तीन ऑलिंपिक खेळले. २०२१ च्या टोकियो स्पर्धेत विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन होते. सरवणन यांची तयारी सैन्याच्या मुंबईतल्या केंद्रात झाली. या यादीत पारशी, तमिळ, सैनिक अशी माणसे दिसतात. कोळीवाड्यातला मुलगा त्यात शोधून सापडत नाही.

याला पैशाचे कारण आता पुरत नाही. ऑलिंपिकमधली एकट्याची नौका, जिला आता ‘इल्का’ म्हणतात, सव्वाचार मीटरची असते. मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ अडीच मीटरही भरत नाही. हातगाडीवर ठेवून पाण्यापर्यंत नेता येते. समुद्र नसणेही कारण होत नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर २००९ पासून एक यॉट क्लब गरीब वस्त्यांतल्या मुलांना शिकवतो आणि त्याची मुले राष्ट्रीय स्पर्धांत पुढे येतात; ते तळेही प्रदूषणाने गांजलेलेच आहे. भोपाळच्या बड्या तलावावर राष्ट्रीय नौकानयन शाळा आहे. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथे शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘इल्का ४’ प्रकारात रौप्यपदक घेऊन आली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या तलावाने हे केले. दुर्गाडीखालून खारे पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते, ते काही करू शकलेले नाही.

अडचणी खऱ्या आहेत. उल्हास नदीत कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी येते. रेतीच्या उपशाने काठ आणि तळ बदलले आहेत. ठाणे खाडीचा एक पट्टा २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र. तिथे कुणी शर्यती मागू नयेत. पण ठाण्यात मासुंदा आणि उपवनचे तलाव आहेत, जिथे आठ-दहा वर्षांचे मूल निर्धास्तपणे पहिला दोर धरू शकते. कोलशेत ते डोंबिवली ते कल्याण हा पट्टा मोकळा आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली इथे जेट्ट्यांचे बेत आखले गेले. दुर्गाडीपाशी आरमाराच्या स्मारकासाठी नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही नौका आणून ठेवली आहे. ही नौका पाहायला मुले जातील, त्याचा आनंदच आहे. पण आरमार सुरू झाले त्या पाण्यावर एका मुलाला तरी शीड उभारता यावे, ही मागणी त्या स्मारकाच्या आधीची आहे.

ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि भिवंडी या महापालिकांनी आणि महाराष्ट्र सागरी मंडळाने जेट्टी बांधताना तिच्या कडेला एक उतार ठेवावा, जिथून छोटी नौका हाताने पाण्यात ढकलता येईल. डझनभर ऑप्टिमिस्ट, त्या ठेवायला एक छप्पर, राष्ट्रीय संघटनेकडून मान्यता मिळालेला एक प्रशिक्षक आणि त्याच्या जोडीला खाडी जाणणारा एक तांडेल, पगारावर आणि नावानिशी. सुरुवातीला चेंदणी, कोलशेत, मोठागाव आणि कल्याणच्या कोळीवाड्यांतली मुले घ्यावीत. वाचकांपैकी कुणी या जेट्ट्यांच्या जनसुनावणीला जाणार असेल, कुणाच्या प्रभागातला नगरसेवक ओळखीचा असेल, तर हा उतार नकाशात आहे का एवढे विचारा, आणि नसेल तर लेखी मागा.